सांगलीत स्टेशन चौक आहे, मग स्टेशन गेलं कुठं?

इचलकरंजीत टेक्स्टाइलला शिकणाऱ्या एका पोराचा प्रश्न आलाय. तो म्हणतोय, सांगलीत स्टेशन चौक आहे, तिथं वसंतदादांचं स्मारक आहे, रिक्षावाले रोज स्टेशन चौक म्हणून ओरडतात पण स्टेशन काय दिसत नाही, खरं स्टेशन लांब पलीकडं. मग जुनं स्टेशन बंद का पडलं, पॅसेंजर कमी झाले म्हणून का, आणि असल्या बंद स्टेशनचा इतिहास काढायचा तर सुरुवात कुठनं करायची?

मी रेल्वेत रुळाच्या खात्यात होतो, म्हणजे पी-वे, रूळ स्लीपर खडी हेच आयुष्य, आता कोल्हापुरात रिटायर होऊन बसलोय. त्यामुळं जरा लांबण लागंल, चहा घेऊन बस.

पॅसेंजरचं आधी सांगून टाकतो. आपल्याकडची जुनी स्टेशनं पॅसेंजर कमी झाले म्हणून बंद पडली असं फार कमी वेळा झालंय. स्टेशन कशासाठी बांधलं होतं ते बघायचं, आणि नव्वद टक्के वेळा उत्तर 'माल' असंच येतं. माल कुठनं यायचा, कुठं जायचा आणि वाटेत किती वेळा उतरवून परत भरायला लागायचा, या तीन गोष्टी कळल्या की बंद का पडलं ते कळतं. प्लॅटफॉर्मवर उभं राहून इतिहास कळत नाही भावा, मालधक्क्यावर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या जागेवर, जायला लागतं.

आता सांगलीचं. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांची, लाइन पुण्याकडनं मिरजेला आणि पुढं बेळगाव-लोंढ्याकडं गेली. ही मेन लाइन सांगली गावातनं गेली नाही. मिरज जंक्शन झालं आणि सांगली एवढी पेठ असून बाजूला राहिली. मग सांगली संस्थानानं स्वतःचा पैसा घालून मिरज ते सांगली अशी साधारण ५ मैलांची, म्हणजे ८ किलोमीटरची मीटरगेज फांदी टाकली, ती १९०७ ला सुरू झाली. सांगली स्टेट रेल्वे असं तिचं भारदस्त नाव. आठ किलोमीटरची 'स्टेट रेल्वे' म्हटल्यावर आज हसू येतं पण त्या काळात संस्थानाला आपली रेल्वे असणं ही इभ्रतीची गोष्ट होती. आणि निव्वळ इभ्रत पण नव्हती, हळद गूळ शेंगा कापड हे सगळं मिरजेपर्यंत बैलगाडीनं न्यायचं म्हणजे पावसाळ्यात काय हाल होत असतील विचार कर.

या संस्थानी रेल्वेची पद्धत नीट समजून घे, कारण कागद शोधताना हीच गोष्ट नडते. लाइन संस्थानच्या मालकीची, पण गाड्या चालवायची रेल्वे कंपनी. इंजिन डबे गार्ड ड्रायव्हर सगळं कंपनीचं, आणि उत्पन्नातला ठरलेला वाटा संस्थानाला. आपल्या कोल्हापूरची पण तीच पद्धत, कोल्हापूर स्टेट रेल्वे, मिरज ते कोल्हापूर ४८ किलोमीटरच्या आसपास, १८९१ ला सुरू झाली, बांधली दरबारनं आणि चालवली सदर्न मराठानं.

इथं एक विषय काढतो, कोल्हापुरात भांडण लागंल तरी चालंल. सगळे म्हणतात शाहू महाराजांनी रेल्वे आणली. १८८८ ला कामाचा मुहूर्त त्यांच्या हातनं झाला हे बरोबर, पण तेव्हा त्यांचं वय चौदाच्या आत होतं आणि राज्याचा अधिकार त्यांच्या हातात आला १८९४ ला, म्हणजे गाडी सुरू झाल्यावर तीन वर्षांनी. रेल्वेचा निर्णय त्याआधीच्या कारभाऱ्यांचा. यानं महाराज लहान होत नाहीत, उलट माझ्या मते त्यांचं खरं काम पुढंच आहे. आलेल्या रेल्वेचं काय करायचं हे त्यांना कळलं. १८९५ ला स्टेशनच्या बाजूला शाहूपुरी वसवली, गुळाची बाजारपेठ उभी केली, १९०६ ला शाहू मिलची सुरुवात केली, पुढं लाइनवरच जयसिंगपूर वसवलं, वडिलांच्या नावानं. स्टेशन आणि पेठ एकमेकांना चिकटून असली की स्टेशन जगतं. शाहू मिल २००३ ला बंद झाली तरी कोल्हापूर स्टेशन बंद पडलं नाही, कारण ते एका गिरणीवर उभं नव्हतं.

परत सांगलीकडं येऊ. जुनं स्टेशन पेठेला अगदी लागून होतं, आजचा वखारभाग बघितलास तर लक्षात येतं की माल उतरवायचा, वखारीत टाकायचा, हा सगळा कारभार चालत जाण्याच्या अंतरात होता. हुंडेकरी म्हणजे माल पाठवून देणारे एजंट, हमाल, तोलाईवाले, बैलगाड्या. मीटरगेजची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, छोटी, एका व्यापाऱ्याला एक वाघीण परवडायची, स्टेशनमास्तरकडं नंबर लावायचा, वाघीण मिळाली की भरायची, आर आर, म्हणजे रेल्वेची मालाची पावती, घ्यायची आणि ती पावती पोस्टानं किंवा बँकेतनं पलीकडच्या व्यापाऱ्याला पाठवायची. वेळेत भरली नाही की डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. हा धंदा सगळा असा होता.

मग मोडलं कुठं? गेजवर मोडलं. मीटरगेज म्हणजे दोन रुळांच्या मधलं अंतर १ मीटर, ब्रॉडगेज म्हणजे १.६७६ मीटर. मुंबई-पुणे पहिल्यापासनं ब्रॉडगेज. म्हणजे सांगलीतनं मुंबईला जाणारा माल मिरज मार्गे पुण्याला मीटरगेजनं जायचा आणि पुण्यात प्रत्येक पोतं उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत भरायला लागायचं. यात वेळ जायचा, नासधूस व्हायची, चोरी व्हायची, आणि गुळासारखा माल असला तर पावसात पाणी सुटायचं ते वेगळंच. पॅसेंजरला पण पुण्यात गाडी बदलायला लागायची. १९७१ ला पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झालं आणि मुंबईतनं बसलेला माणूस डबा न बदलता थेट कोल्हापूरला उतरायला लागला. आपल्याकडं लोकांना त्यातली महालक्ष्मी एक्सप्रेस आठवते, मला मात्र पुण्यातला तो माल बदलायचा उपद्व्याप संपला हे जास्त मोठं वाटतं.

आता त्या आठ किलोमीटरच्या फांदीचा विचार कर. मेन लाइन ब्रॉडगेज झाल्यावर फांदी मीटरगेज ठेवली तर सांगलीत भरलेली वाघीण आठ किलोमीटरवर मिरजेत जाऊन रिकामी करायला लागणार आणि ब्रॉडगेजमध्ये परत भरायची. कोण करंल? त्यापेक्षा ट्रक सरळ मिरजेच्या मालधक्क्यावर जाईल. रेल्वेचं गणित असं आहे की चढाई-उतराईचा खर्च ८ किलोमीटरला जेवढा तेवढाच ८०० किलोमीटरला, त्यामुळं अंतर जितकं कमी तितकी रेल्वे महाग पडते. छोटी फांदी जगते ती फक्त वाघीण न उघडता पुढं जात असंल तर. बरं, फांदीच ब्रॉडगेज करायची म्हटली तरी पैसा लागणारच, मग तोच पैसा घालून मेन लाइनच सांगलीकडनं वळवली तर शहराला फांदीऐवजी थेट मेन लाइनवरचं स्टेशन मिळतं. तसंच झालं. नवी लाइन विश्रामबागकडनं नव्या सांगली स्टेशनात आली आणि पेठेतल्या जुन्या स्टेशनचं काम संपलं. म्हणजे शहराची रेल्वे तुटली म्हणून हे स्टेशन बंद पडलं असं नाही, शहराला मोठी रेल्वे मिळाली म्हणून बंद पडलं. हे लोकांना पटकन पटत नाही.

तू म्हणशील, मग जुन्याच जागेत ब्रॉडगेज का नाही नेलं? इथं आमच्या खात्याचा विषय येतो. वळणाला आम्ही डिग्रीत मोजतो, १७५० ला डिग्रीनं भागलं की त्रिज्या मीटरमध्ये येते. ब्रॉडगेजला जास्तीत जास्त १० डिग्री चालतं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. मीटरगेजला १६ डिग्री, १०९ मीटर. नॅरोगेजला तर ४० डिग्री, जवळपास ४४ मीटर. म्हणजे मीटरगेज जिथं गावाच्या कडेनं अंग चोरून वळून आत शिरतं तिथं ब्रॉडगेजला वळायलाच येत नाही, आणि मेन लाइनवर स्पीड पाहिजे असंल तर १० डिग्री पण कोण ठेवत नाही, एक-दोन डिग्रीच्या आत बसवायला बघतात. दुसरं यार्ड. ब्रॉडगेजच्या लूपला, म्हणजे गाडी बाजूला घ्यायच्या रुळाला, आज ६८६ मीटर मोकळी लांबी हे स्टँडर्ड आहे, आणि स्टेशन यार्डात चढ ४०० ला १ पेक्षा जास्त चालत नाही, खरं तर १२०० ला १ असावा असं म्हणतात, नाहीतर उभ्या केलेल्या वाघिणी आपोआप गडगडायच्या. आता पेठेत, वखारींच्या मधे, एवढी लांब सपाट सरळ पट्टी कुठनं आणायची? घरं पाडून? म्हणून गावाबाहेर जमीन घेतात. नवं स्टेशन गावापासनं लांब असतं याला लोक पुढाऱ्यांना शिव्या घालतात, काही ठिकाणी ते खरं पण असंल, पण बऱ्याच वेळा त्या शिव्या चढाला आणि वळणाला घालायला पाहिजेत.

मिरजेचं पण सांगायलाच पाहिजे. १९२७ ला बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज पंढरपूरकडनं मिरजेला पोचली. २ फूट ६ इंच गेज. ही रेल्वे १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झालेली, एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर तिच्या मागं होता, त्यानं ठरवलं की कुठल्याच चाकाच्या जोडीवर ५ टनाच्या वर वजन येऊ द्यायचं नाही, म्हणजे हलका रूळ वापरून पण मोठा डबा चालवता येतो. हुशार माणूस, पुढं विमानातल्या पायलटसाठी पॅराशूट पण काढलं त्यानं. तर १९७१ नंतर मिरजेत तिन्ही गेज एका ठिकाणी, पुण्याकडं आणि कोल्हापूरकडं ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडं मीटरगेज, पंढरपूरकडं नॅरोगेज. पुण्यातला माल बदलायचा उपद्व्याप संपला म्हणालो खरं, पण बेळगावकडच्या मालापुरता तो मिरजेत आला. लोंढ्याची बाजू १९९० च्या दशकात आणि पंढरपूरची त्याच्या नंतर ब्रॉडगेज झाली आणि मिरजेतला हा पसारा गेला. तिथल्या हमालांच्या दोन पिढ्या या गेजच्या फरकावर जगल्या. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही.

दुसरं एक कारण असतं जे कुठल्याच उद्घाटनाच्या पाटीवर सापडत नाही. १९८० च्या दशकापासनं रेल्वेनं सुट्या वाघिणीचा माल घेणं हळूहळू बंद करत आणलं आणि अख्ख्या रेकचा धंदा धरला. एक रेक म्हणजे झाकलेल्या चाळीसच्या वर वाघिणी, अडीच हजार टनाच्या घरात माल. आता शाहूपुरीतल्या गुळाच्या व्यापाऱ्याकडं वीस टन रवे, म्हणजे ढेपा, असले तर त्यानं काय करायचं? ट्रक. खत, सिमेंट, साखर, धान्य असला माल रेकनं येतो-जातो, बाकी सगळं रस्त्यावर गेलं. त्यामुळं देशभर छोटे मालधक्के बंद पडले आणि त्यांच्यामागनं छोटी स्टेशनं लंगडी झाली. व्यापाऱ्यांनी रेल्वे सोडली असं रेल्वेवाले म्हणतात, रेल्वेनं आम्हाला सोडलं असं व्यापारी म्हणतात. मी रेल्वेतला माणूस आहे तरी मला व्यापाऱ्यांचं म्हणणं जास्त खरं वाटतं.

आणि 'बंद' म्हणताना जरा जपून. स्टेशनची क्लास असते. ए, बी, सी ही ब्लॉक स्टेशनं, म्हणजे तिथनं पुढच्या स्टेशनला विचारून गाडी सोडतात. डी क्लास म्हणजे ब्लॉक नसलेलं, नुसतं थांबायचं ठिकाण. एखादं स्टेशन बी चं डी झालं, सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरनं दुसऱ्यावर घ्यायची जागा, काढले, लूप उखडला, मास्तर गेला की गावातले म्हणतात स्टेशन बंद झालं, पण पॅसेंजर गाडी अजून थांबत असते. मालाला बंद, पॅसेंजरला बंद, ब्लॉकला बंद आणि लाइनच उखडली, या चार वेगळ्या तारखा असू शकतात. सांगलीच्या बाबतीत चौथा प्रकार. तुझ्या प्रोजेक्टमध्ये कुठल्या 'बंद'ची तारीख लिहितोयस ते आधी ठरव.

आता शोधायचं कसं. नकाशापासनं सुरुवात कर. सर्व्हे ऑफ इंडियाची शीट सांगली-मिरजेसाठी ४७ एल/९. १९७१ च्या आधीची आवृत्ती मिळाली तर फांदी कुठनं कशी आत शिरत होती ते रेघेनं दिसंल, ती आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेव. जुना रेल्वेमार्ग शहरात कसा ओळखायचा सांगतो, रस्ता किंवा प्लॉटची हद्द सावकाश, एकसारख्या गोलाईनं वळत असंल आणि आजूबाजूची सगळी घरं चौकोनात असताना एकच पट्टी तिरकी गेली असंल, तर तिथं रूळ असण्याची शक्यता मोठी. बैलगाडीचा रस्ता असा वळत नाही, तो कोपऱ्यावर सरळ मोडतो. मग सिटी सर्व्हेचा नकाशा आणि मालमत्ता पत्रक, रेल्वेची जमीन कोणाच्या नावावर गेली ते तिथं कळतं, आणि खरी तारीख बऱ्याचदा तिथंच घावते.

गॅझेटियर वाच पण वर्ष बघून वाच. कोल्हापूरचं जुनं गॅझेटियर १८८६ चं, तेव्हा इथं रेल्वेच नव्हती, त्यामुळं त्यात रेल्वे शोधत बसू नको, गाडीरस्ते आणि घाट कसे होते ते बघायला ते उत्तम. महाराष्ट्र सरकारचं कोल्हापूरचं १९६० चं आणि सांगलीचं १९६९ चं. सांगलीचं तर ब्रॉडगेज येण्याच्या तोंडावर छापलंय, म्हणजे मीटरगेजचा शेवटचा काळ त्यात आहे, तुझ्यासाठी सोनं. करवीर नगर वाचन मंदिरात आणि युनिव्हर्सिटीच्या खर्डेकर लायब्ररीत दोन्हीकडं विचार. न्यूमनचं जुनं ब्रॅडशॉ टाइमटेबल कुठं मिळालं तर सोडू नको, दरवर्षीचं मिळालं तर ज्या वर्षी स्टेशनचं नाव गायब होतं तिथं बोट ठेवता येतं.

रेल्वेचे स्वतःचे कागद ही मोठी डोकेदुखी. सदर्न मराठा १९०८ ला मद्रास रेल्वेत मिसळून एमएसएम, म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा, झाली, १९५१ ला दक्षिण रेल्वे, १९६६ ला दक्षिण मध्य, आणि आता हा भाग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात. म्हणजे एकाच स्टेशनचे कागद चेन्नई, सिकंदराबाद, हुबळी, मुंबई असे कुठंही असू शकतात, आणि संस्थानच्या बाजूचे आपल्या पुरालेखागारात. पुण्यात जाऊन 'नाही' म्हणाले की हार मानू नको, त्यांच्याकडं नसणारच.

जागेवर गेलास तर रूळ शोध. जुन्या स्टेशनचे रूळ भंगारात जायच्या आधी कुंपणाचे खांब, शेडचे तुळई, नाल्यावरचे आडवे असे वापरले जातात. रुळाच्या पोटावर, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीवर, कारखान्याचं नाव, वजनाचा सेक्शन म्हणजे दर यार्डाला किती पौंड ते, आणि साल उठवलेलं असतं, तारेच्या ब्रशनं घासून खडूनं चोळ, वाचता येतं. ५० किंवा ६० पौंडाचा सेक्शन असंल तर मीटरगेजचा असण्याची शक्यता जास्त, ९० पौंडाचा ब्रॉडगेजचा. पण साल बघून लगेच उड्या मारू नको. मेन लाइनवर झिजलेला रूळ नंतर सायडिंगला, म्हणजे बाजूच्या लाइनला, टाकायची पद्धत आहे, त्यामुळं १८९० चा रूळ सापडला म्हणजे स्टेशन १८९० चं असं होत नाही. दगडी मोरी, पाण्याच्या टाकीचा चौथरा, इंजिनाखालची राखेची खळगी, असलं काही शिल्लक असंल तर फोटो काढताना शेजारी टेप धर, मोरीची रुंदी मोजली की वरनं कुठल्या गेजची लाइन गेली असंल याचा अंदाज येतो. आणि चालू लाइनच्या जवळ जाऊ नको, परवानगी घेतल्याशिवाय तर अजिबात नाही.

माणसांना विचारताना 'स्टेशन कधी बंद झालं' असं विचारू नको, कोणालाच साल आठवत नाही. 'शेवटचा माल कुठला गेला, कोणाच्या दुकानातनं गेला, त्या वर्षी गुळाला काय दर होता, घरात लग्न कोणाचं होतं' असं विचार. हुंडेकऱ्यांच्या जुन्या घरी आर आर ची बाडं माळ्यावर पडलेली असतात, उंदरांनी खाल्ली नसली तर त्यात स्टेशनचं नाव, तारीख, वजन, कुठं गेलं, सगळं आहे. सरकारी कागदापेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास.

आणि तू इचलकरंजीचा आहेस म्हणून जाता जाता. तुमच्याकडं एवढे माग, एवढी सूतगिरणी, पण स्टेशन नाही, हातकणंगलेला जायला लागतं, कारण १८९१ ची लाइन टाकताना डोक्यात मिरज आणि कोल्हापूर होतं, इचलकरंजी तेव्हा एवढी मोठी नव्हती. तुझ्या प्रोजेक्टला सांगलीबरोबर हातकणंगल्याच्या मालधक्क्याचं पण घे, सुताची गाठोडी तिथनं कधी कमी झाली ते तुमच्याच गावातले जुने अडते सांगतील. वळिवडेचं पण बघ, १९४३ ते १९४८ तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाचएक हजार माणसं, नंतर त्याच जागेवर सिंधी आले आणि गांधीनगर झालं. ते स्टेशन मात्र चालू आहे, त्यामुळं तुझ्या यादीत बसत नाही, पण त्या वर्षांतलं तिथलं पार्सल रजिस्टर कोणाकडं असंल तर मला कळव.